भिडस्तांची पलटण

मिस्त्रींना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नाही. माणूस लिफ्टचा मेकॅनिक. बारा मजली शाफ्टमध्ये उभं राहून एका हातात बॅटरी धरायची आणि दुसऱ्या हाताने नट आवळायचा, हे काम तीस वर्षं न डगमगता केलेला. पण दारात कुणी झाडू विकायला आलं की मिस्त्री तीन झाडू घेऊन आत यायचे. न्हाव्याने केस जास्त कापले तरी आरशात बघून "वा, छान" म्हणायचे. एकदा धुलाईच्या दुकानातून दुसऱ्याच कुणाचा तरी कोट हातात पडला, तर तो मुकाट्याने अख्खा हिवाळा वापरला. बाह्या मनगटाच्या चार बोटं अलीकडेच संपत होत्या. "परत नेला असता तर त्या बिचाऱ्याला ओशाळल्यासारखं झालं असतं," असं वर कारण. मिस्त्रीणबाई एका पडद्यांच्या दुकानासाठी घरी शिवणकाम करायच्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्या बाह्यांना पडद्याच्या कापडाची पट्टी जोडून दिली.

असा माणूस महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या खेळात सापडला म्हणजे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्युटरवर एक भला मोठा मुलूख असतो. डोंगर, जंगलं, किल्ले, राक्षस, सगळं. माणसं आपापल्या घरी बसून त्यात एकेक सोंग घेऊन हिंडतात आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात. दर महिन्याला वर्गणी भरायची, नाही भरली की दार बंद. आणि मुख्य गोष्ट, हा खेळ संपत नाही. एक राक्षस मारला की त्याचा थोरला भाऊ येतो. मोठे राक्षस एकट्यादुकट्याला दाद देत नाहीत, त्यांना आठ जणांची पलटण लागते. एकाने मागे राहून जखमा बऱ्या करायच्या, बऱ्याच जणांनी राक्षसाला झोडपायचं आणि एकाने ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खायचा. मिस्त्रींच्या वाट्याला यातलं कोणतं काम आलं, हे आता वेगळं सांगत नाही.

सुरुवात नऊ वर्षांपूर्वीची. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना शिडीची पायरी निसटली आणि मिस्त्रींच्या पायाचं हाड मोडलं. तीन महिने घरी. पाय उशीवर, नजर छताला. भाचा बघायला आला आणि मामाचा वेळ जावा म्हणून त्याने हा खेळ लावून दिला. भाच्याने स्वतः पंधरा दिवसांत खेळ सोडला. मिस्त्री राहिले. कारण तोवर एका पलटणीने "दादा, आम्हाला ढालवाला हवाय, येता का?" असं विचारलं होतं, आणि विचारल्यावर नाही कसं म्हणायचं?

ही पलटण चालवायचे मास्तर. एका शाळेत गणित शिकवायचे आणि राक्षसाशीही गणित शिकवल्यासारखंच लढायचे. दुसरा होता बेकरीवाला, पहाटे तीनला भट्टी पेटवणारा, त्यामुळे संध्याकाळी सतत जांभया देणारा. आणि मागे राहून सगळ्यांच्या जखमा बांधणाऱ्या बाई, त्यांना सगळे मलमताई म्हणायचे. उरलेले चौघे अधूनमधून बदलत राहिले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहाला सगळ्यांनी जमायचं, नऊपर्यंत मोहीम. प्रत्यक्षात कुणी कुणाला कधी पाहिलेलं नव्हतं. फक्त आवाज.

मिस्त्रींना तिथे काय मिळालं, हेही सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. लिफ्ट चालू असली की मेकॅनिकची आठवण कुणाला येत नाही आणि बंद पडली की त्याच्या सात पिढ्या निघतात. तीस वर्षांत मिस्त्रींना मनापासून शाबासकी देणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि इथे आठवड्यातून दोनदा कुणीतरी कानात म्हणायचं, "ढालदादा, तुम्ही होतात म्हणून वाचलो हो." मिस्त्री हेडफोन काढून स्वयंपाकघरात यायचे तेव्हा त्यांची चाल बदललेली असायची. मिस्त्रीणबाईंच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. म्हणून पहिली काही वर्षं त्या गप्प बसल्या.

पुढे एकदा त्या बोलल्या, तेही शांतपणे, मशीनवर पडद्याची कड मारताना. "वर्गणीचं मी बोलतच नाही. आपण दोघं सिनेमाला गेलो तरी तेवढे पैसे जातात. पण सिनेमा संपतो. माणूस उठून घरी येतो."

तोवर मिस्त्रींनाही ते पटायला लागलं होतं.

खेळाचा त्यांना कंटाळा आला होता. साधासुधा नाही, अगदी वीट आला होता. मोहीम मंगळवार-शुक्रवारची खरी, पण तिची तयारी रोजची. रोज जाऊन औषधी झाडपाला गोळा करा, खाणीतून लोखंड आणा, ढालीला धार... ढालीला धार नसते, पण त्या खेळात तिलाही काहीतरी घासावं लागायचंच. शाफ्टमध्ये दिवसभर लोखंड घासून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा लोखंड घासत बसायचा. दीड वर्ष घाम गाळून एक उत्तम ढाल मिळवावी, तर खेळाची कंपनी नवा भाग काढणार आणि त्यातल्या पहिल्याच गावात त्याहून भारी ढाल एखादा कोंबड्या पाळणारा माणूस फुकट देणार. असं आतापर्यंत तीनदा झालं होतं.

मग सोडायचं ना? इथेच तर खरी मेख होती. मेख म्हणजे मलमताई.

सहा वर्षांपूर्वी मलमताई जिन्यावरून पडल्या होत्या. कमरेचं मोठं ऑपरेशन झालं. चौथ्या मजल्यावर घर, इमारतीला लिफ्ट नाही. हे ऐकूनच मिस्त्रींच्या काळजात चर्र झालं होतं. आणि एका शुक्रवारी, बाकीचे निघून गेल्यावर, त्या म्हणाल्या होत्या, "दादा, माझ्या आठवड्यात आता दोनच दिवस उरलेत. मंगळवार आणि शुक्रवार. मधले दिवस मी नुसते ढकलते."

झालं. मिस्त्रींनी हे वाक्य जे मनात धरलं ते सोडलंच नाही. ढालवाला गेला की पलटण मोडते, कारण ढालीच्या कामाला कुणी सहज तयार होत नाही. पलटण मोडली की मलमताईंचे दोन दिवस गेले. एका बाईच्या आठवड्यातले होते नव्हते ते दोन दिवस आपण काढून घ्यायचे? त्यापेक्षा लोखंड घासलेलं काय वाईट? अशी सहा वर्षं निघाली. त्यातली शेवटची तीन-चार तर मिस्त्रींनी शुद्ध भिडेपोटी काढली.

आणखी काही वर्षंही निघाली असती. पण मग लेकीचा फोन आला.

लेक एका इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायची. जावई दूर कुठेतरी पुलाच्या कामावर, महिन्यातून चार दिवस घरी. नात साडेतीन वर्षांची, तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. लेक म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यापासून मला मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळची पाळी लागलीय. पाच ते दहा. आई म्हणाली की तिचं दुकानाचं काम त्याच दिवशी पोचवायचं असतं, ती आठनंतर येईल. तोवर भिंगरीला तुम्ही सांभाळाल का?"

"म्हणजे काय! हे काय विचारणं झालं?" मिस्त्री म्हणाले. फोन ठेवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. मंगळवार आणि शुक्रवार. आठवड्यात सात वार असताना इस्पितळाला नेमके हेच सापडले.

मिस्त्रीणबाई समोरच होत्या. "आता?" त्या म्हणाल्या.

"सांगतो ना त्यांना. सांगतो."

"कधी?"

"या मंगळवारी."

त्या मंगळवारी मिस्त्रींनी हेडफोन लावला, घसा साफ केला आणि म्हणाले, "मला जरा सगळ्यांशी बोलायचं होतं."

"बोला ना, दादा," मलमताई म्हणाल्या. "चार दिवसांनी तुमचा आवाज ऐकला की कसं बरं वाटतं."

मिस्त्री म्हणाले, "नाही, म्हणजे... ढाल जरा दुरुस्तीला टाकायची आहे. पाच मिनिटं थांबाल का?"

सगळे थांबले. ढालीला काहीही झालेलं नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी ठरवलं, बोलायला जमत नाही तर लिहून कळवू. खेळातच पत्र पाठवायची सोय होती. दुपारी कागदावर कच्चा मसुदा लिहायला बसले. मिस्त्रीणबाईंनी तो नंतर वाचला. त्यात मास्तरांच्या नियोजनाची स्तुती होती, बेकरीवाल्याच्या चिकाटीची स्तुती होती, मलमताईंच्या मायेबद्दल तर अर्धं पान होतं आणि शेवटी 'असेच एकत्र राहू' असं लिहिलेलं होतं.

"राजीनामा लिहायला बसलात आणि अभिनंदनपत्र लिहून उठलात," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. पण या वेळी त्या हसल्या नाहीत. "हे बघा, ती पोर कुणाच्या तरी हवाली करूनच लेक कामावर जाणार. तुम्ही नाही तर शेजारीण. पैसे देऊन. मला एवढंच सांगा, तुम्ही लेकीला हो म्हणालात ते खरं की तसंच, झाडूवाल्याला म्हणता तसं?"

हे मिस्त्रींना लागलं. चांगलंच लागलं. महिना संपायला आठ दिवस उरले होते. एकीकडे लेकीला दिलेला शब्द, दुसरीकडे चौथ्या मजल्यावर अडकलेली बाई. रात्री जेवण जाईना. आपण कसेही वागलो तरी कुणाचा तरी घात करणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी, म्हणजे महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी, कामावर एक प्रकार घडला.

आठ मजली इमारतीतल्या लिफ्टची तपासणी होती. मिस्त्रींचा जोडीदार लंबू, ताडमाड माणूस, वीस वर्षांचा सोबती. लिफ्टवाल्यांचा एक नियम असतो. काम सुरू करण्याआधी वर मशीनरूममध्ये जाऊन मेन स्विच बंद करायचा आणि त्याला प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं. दोन माणसं, दोन कुलपं. काम झालं की ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. दोन्ही निघाल्याशिवाय लिफ्टमध्ये वीज येत नाही, त्यामुळे आत राहिलेला माणूस चिरडला जात नाही. नियम उत्तम आहे. त्याने कितीतरी जीव वाचवले आहेत.

पण या दोघांनी त्याला स्वतःचं एक शेपूट जोडलं होतं. ज्याचं काम आधी संपेल त्याने दुसऱ्याला हाक मारून घाई करायची नाही. फार वर्षांपूर्वी मिस्त्रींनी "झालं का रे?" असं विचारलं आणि लंबूने गडबडीत स्वतःच्याच अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. तेव्हापासून ही रीत.

त्या दिवशी मिस्त्री खाली खड्ड्यात होते, लंबू वर मशीनरूममध्ये. मिस्त्रींचं काम अकराला संपलं. वरून काही आवाज येईना, पण लंबूचं बारीकसारीक काही चाललं असेल, आपण जिना चढून वर गेलो तर त्याला वाटेल घाई करतोय, म्हणून ते तळमजल्यावर पायरीवर बसले. लंबूचं काम अकराला दहा कमी असतानाच संपलं होतं. त्याने आपलं कुलूप काढायला हात घातला, मिस्त्रींचं कुलूप अजून तसंच दिसलं, म्हणजे खाली काम चाललंय, मग आपलंच आधी काढून पुढे जाणं बरं दिसत नाही, म्हणून तो उलट्या बादलीवर बसला.

बारा वाजले. साडेबारा वाजले. माणसं सामानाच्या पिशव्या घेऊन जिना चढत होती आणि मिस्त्रींकडे बघून पुटपुटत होती. मिस्त्री प्रत्येकाची माफी मागत होते. एक वाजता सहाव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई तरातरा खाली आल्या. त्यांचे रोगी आधीच दुखण्याने बेजार, त्यात सहा मजले चढून येत होते.

"काय चाललंय काय?" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मी वर जाऊन तुमच्या त्या उंच माणसाला विचारलं, तो म्हणतो खालचं संपायची वाट बघतोय. आणि तुम्ही इथे बसलात!"

"मी त्याचं संपायची वाट बघतोय," मिस्त्री म्हणाले.

"दोघं मिळून आमची वाट लावताय!"

मिस्त्री आठ मजले चढून वर गेले. लंबू बादलीवर बसून डबा खात होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लंबूला आधी हसू फुटलं, मग मिस्त्रींना. दोन तास! एकमेकांची काळजी घेत दोघं दोन तास बसून राहिले आणि आठ मजल्यांना चढायला लावलं. कुलपं काढली, स्विच वर केला, लिफ्ट घरघरत सुरू झाली. लंबू परतीच्या वाटेवरही हसत होता. मिस्त्रींचं हसू मात्र वाटेतच थांबलं होतं.

"काय झालं?" लंबूने विचारलं.

"काही नाही रे. मलमताईंना कुणी विचारलंय का, हा विचार करतोय."

"कोण मलमताई?"

"आहेत एक," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी चालायचा वेग वाढवला.

घरी आले, हातपाय धुतले आणि साडेसहाला कॉम्प्युटरपुढे बसले. मिस्त्रीणबाई पडद्यांची गठडी बांधत होत्या. "जाताना दार ओढून जाऊ का?" त्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "नको, थांब इथेच." त्यांना साक्षीदार हवा होता, म्हणजे ढालदुरुस्तीची पळवाट बंद.

पलटण गुहेच्या तोंडाशी जमली होती. मास्तर आखणी सांगायला लागले, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "मास्तर, थांबा. मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही. नातीला सांभाळायचंय. आणि खरं सांगायचं तर नातीचं नंतर निघालं. मला खेळाचा कंटाळा आलाय. फार दिवस झाले. तुमचा नाही, खेळाचा." एका दमात म्हणाले. घाबरलेली माणसं बोलतात तसं, जरा जास्तच मोठ्याने.

कानात नुसती बेकरीवाल्याच्या खोलीतल्या पंख्याची घरघर. मग मिस्त्रींना एक बारीक आवाज ऐकू आला. मलमताई मुसमुसत होत्या.

"ताई," मिस्त्री कळवळून म्हणाले, "ताई, असं करू नका. मी एखाद्या शुक्रवारी येत जाईन, मी बघतो काहीतरी..."

मिस्त्रीणबाईंनी गठडी खाली ठेवली आणि डोळे वटारले.

"नको!" मलमताई ओरडल्या. त्या रडत नव्हत्याच. त्यांना हसू आवरत नव्हतं. "अहो दादा, नको! येऊ नका! दीड वर्ष झालं, मी वाट बघतेय की कुणीतरी आधी म्हणेल म्हणून. मला पोहायला जायचं असतं हो! मंगळवारी संध्याकाळी आमचा बायकांचा गट असतो तलावावर. मी अर्ध्यातून उठून पळत येते. आत्ताही माझे केस ओले आहेत!"

"पण तुमचं चौथ्या मजल्यावरचं घर..."

"घर बदलून दोन वर्षं झाली. तळमजला आहे. सकाळी एका वाचनालयात कामाला जाते मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार?" त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुमची आई गेली तेव्हा आपण लढाई सोडून खेळातल्या त्या तळ्याकाठी नऊपर्यंत नुसते बसलो होतो, आठवतंय? तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'तुम्ही सगळे नसता तर मी उभा राहिलो नसतो.' ते ऐकल्यावर मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते की मला आता पोहायला जायचंय? मला वाटायचं, मी गेले की हा माणूस कोसळेल."

मिस्त्रींना ते वाक्य बोलल्याचं आठवत होतं. ते खरंही होतं, त्या दिवशीचं. ते कुणी इतकी वर्षं जपून ठेवलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "आणि मी," ते म्हणाले, "मी तुमच्या मंगळवार-शुक्रवारसाठी येत होतो."

"कुठल्या?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, आठवड्यात दोनच दिवस उरलेत."

"अगंबाई! ते तर कंबर मोडली तेव्हाचं!"

मग मास्तरांनी घसा खाकरला. त्यांनी कबूल केलं की गेल्या महिन्यात त्यांनी वर्षभराची वर्गणी एकदम भरली, निव्वळ बेकरीवाल्यासाठी. बिचारा पहाटे तीनला उठून इतक्या निष्ठेने येतो, त्याचा विरस कसा करायचा? यावर बेकरीवाला म्हणाला, "मास्तर, मी मास्तरांसाठी येतो. म्हणजे तुमच्यासाठी. तुम्ही एवढ्या आखण्या करता! आणि मी जागा असतो असं कुणी सांगितलं? मी बटणावर कोपर ठेवून झोपतो. माझा माणूस आपोआप तलवार फिरवत राहतो." त्याची तलवार वर्षभर एकाच लयीत का चालते, हे कोडं मास्तरांना तेव्हा उलगडलं. मग आणखी तिघे एकापाठोपाठ बोलले. एकाची बायको त्याला सोडून जायच्या बेतात असताना याच मंडळींनी त्याची समजूत घातली होती, त्या उपकाराच्या ओझ्याखाली तो येत होता. उरलेल्या दोघांना वाटत होतं की आपण नवे, जुन्यांना कसं दुखवायचं. सात माणसं, सात घरं, सात वर्गण्या, आणि प्रत्येकजण दुसऱ्यासाठी थांबलेला. सगळे एकदम हसत होते, त्यामुळे हेडफोनमध्ये नुसता कालवा झाला होता.

तेवढ्यात एक अगदी लहानसा आवाज आला. "मला आवडतं हो." ही होती बस धुणारी बाई, आठ महिन्यांपूर्वी आलेली, पलटणीतली धनुर्धारी. "मी दिवसभर बसच्या आत एकटीच असते, पाण्याचा पाइप घेऊन. मला इथे फार मजा येते. पण चालेल. तुम्ही सगळे जा."

हसणं थांबलं. सगळ्यांना एकदम लाज वाटली. तिच्यासाठी हा खेळ नवाकोरा होता. तिची वर्गणी अगदी पुरेपूर वसूल होत होती, नऊ वर्षांपूर्वी मिस्त्रींची होत होती तशी. मास्तर म्हणाले, "तुमची सोय लावल्याशिवाय मी दिवा मालवणार नाही." ओळखीच्या दुसऱ्या पलटणीत एक जागा होती. तिथली माणसं तरुण होती आणि दिवसरात्र खेळायला उतावीळ होती. त्याच आठवड्यात मास्तर तिला तिथे घेऊन गेले, पहिल्या मोहिमेला सोबतही राहिले आणि मगच बाहेर पडले. पुढे तिचा निरोप आला की तिथे तिला पुढारी करायचं चाललंय आणि तिने त्यांना सरळ नाही सांगितलंय. मिस्त्रींना तिचं फार कौतुक वाटलं.

त्या संध्याकाळी वर्गणी बंद करायचं काम मात्र तितकं सोपं गेलं नाही. कंपनी विचारते, खरंच जाताय का? तुमची ढाल, तुमचा घोडा, सगळे तुमची वाट बघतील. पुन्हा विचार करा. मिस्त्रींनी खरंच पुन्हा विचार करायला घेतला.

"बटणाची कसली भीड?" मिस्त्रीणबाई मागून म्हणाल्या.

कारण लिहायला एक चौकोन होता. मिस्त्रींनी त्यात कंपनीचे आभार मानणारे तीन परिच्छेद लिहिले. मिस्त्रीणबाईंनी एवढं चालवून घेतलं. मग मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने शेवटचं बटण दाबलं, खुर्चीला पाठ टेकली आणि एक मोठा श्वास सोडला. इतकं हलकं त्यांना कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. संध्याकाळ अजून बरीच बाकी होती. पडद्यांची गठडी उचलून दोघं दुकानाकडे चालत निघाले.

रस्त्यात मिस्त्रीणबाईंनी विचारलं, "नऊ वर्षं वाया गेली असं वाटतं?"

मिस्त्री म्हणाले, "पहिली पाच तर नाहीच. नंतरचा खेळ वाया गेला, तो गेलाच. पण अगं, सात माणसं नुसती एकमेकांसाठी कंटाळा सोसत बसली होती. आई गेली तेव्हा मी जे म्हटलं, ते त्या बाईने इतकी वर्षं विसरून चालणार नाही म्हणून लक्षात ठेवलं. त्याला वाया कसं म्हणू?"

"म्हणू नका," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी विचारा आधी."

नव्या महिन्याचा पहिला शुक्रवार. साडेसहाला मिस्त्री लेकीच्या घरी जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि समोर भिंगरी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. आजोबांनी ठोकळा द्यायचा, तिने ठेवायचा. सुरुवातीला मोठ्या उत्साहात चाललं होतं. मग चालत राहिलं. अर्ध्या तासाने मिस्त्रींची पाठ अवघडली, पायाला मुंग्या आल्या, पण पोरीचा विरस नको म्हणून ते एकेक ठोकळा देत राहिले. "वा, छान" म्हणत राहिले.

भिंगरीने अकरावा ठोकळा हातात घेतला, मनोऱ्याकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं आणि ठोकळा खाली ठेवून दिला.

"मला कंटाळा आला," ती म्हणाली. "तुम्हाला आला का?"

मिस्त्रींनीही हातातला ठोकळा खाली ठेवला.

"हो," ते म्हणाले. "आला."

"मग उठा ना," भिंगरी म्हणाली, आणि त्यांचं बोट धरून त्यांना खिडकीकडे घेऊन गेली.